पिशवी एकाच्या हातात, पळी दुसरीच्या

मागच्या पावसाळ्यात आमच्या घरी उजवं मनगट मोडलं. बायकोचं. न्हाणीत पाय घसरला, सगळा भार हातावर आला, आणि डॉक्टरांनी प्लास्टर घालून सहा आठवडे हात हलवायचा नाही असं बजावलं. मुलगा पुण्याला नोकरीत, मुलगी सासरी धारवाडला. घरात उरलो मी. मला चहा येत होता, पोहे येत होते आणि आपल्याला बाजारातलं चांगलं कळतं असा दांडगा समज होता. त्या समजाचं काय झालं ते सांगतो. कारण "घरचं जेवण" या विषयावर सध्या जो तो बोलतोय, आणि बोलणाऱ्यांत माझ्यासारखेच पुष्कळ आहेत: पिशवी धरलेले, पळी न धरलेले.

आमच्या बेळगावच्या शहापूर-वडगाव भागात बऱ्याच घरांत बाजार पुरुष करतात. गणपत गल्लीतून भाजी-फळं, रविवारी खासबागचा बाजार, महिन्याचा किराणा रविवार पेठेतनं. सुट्टीच्या सकाळी मटणाच्या दुकानापुढची रांग बघा, सगळे बाप्ये. अकराच्या सुमाराला गल्लीतनं चालत जा. कांदा-खोबरं भाजल्याचा वास ज्या खिडक्यांतनं येतो त्या खिडक्यांआड सगळ्या बायका. मटण आणणारा दिवसभर "आज मटण केलंय" म्हणत फिरतो. केलं कुणी, ते वाक्यातनं गळून पडलेलं असतं.

मीही त्यातलाच. "बाजार सगळा मीच करतो" हे मी पाहुण्यांत, ऑफिसात, सासुरवाडीत सव्वीस वर्षं सांगत आलो. आणि मला खासबागच्या बाजाराची खरी वेळ माहीत होती, याचा अभिमान होता. संध्याकाळी सातच्या पुढं जायचं. दिवस मावळलेला, भाजी विकणाऱ्या बायकांना बस गाठायची असते, उरलेली भाजी परत न्यायची नसते. पंधराला एक असलेली पेंडी मग "इप्पत्तक मूरु! वीसला तीन!" होते. मी तीन घ्यायचो. कधी सहा घ्यायचो.

मनगट मोडल्यावरच्या दुसऱ्या रविवारीही तसाच गेलो. शेपू, पोकळा आणि अंबाडी, वीसला तीन. घरी येऊन साडेआठला ताट घेऊन बसलो. शेपू निवडायचा म्हणजे काय, हे ज्यांनी कधी केलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेंडी सोडली की आतली निम्मी ओली असते. वरच्या काड्या ताज्या, मधल्या पिवळ्या. प्रत्येक काडी हातात घ्यायची, जिथपर्यंत नखानं तुटते तिथपर्यंत ठेवायची, जाड देठ टाकायचं. ते दोऱ्यासारखं पान देठाला चिकटून जातं आणि परत उचलावं लागतं. मधेच एखादी गवताची काडी हुबेहूब शेपूसारखी दिसते. पावसाळ्याची भाजी, म्हणजे मुळाशी चिखल. एकदा धुतली, भांड्याच्या तळाशी रेती. दुसऱ्यांदा धुतली, रेती. तिसऱ्यांदा थोडी कमी. एका पेंडीला पस्तीस मिनिटं गेली आणि मूगडाळ घालून शिजवल्यावर भाजी झाली किती? दोघांना एक वेळ, तीही ताणून.

अंबाडी दुसऱ्या दिवशी केली. पोकळा राहिलाच. बुधवारी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात पिशवी उघडली तर काळा लगदा. तो टाकताना बायको खुर्चीवरनं बघत होती, गळ्यात हात अडकवलेला. म्हणाली, "सव्वीस वर्षं वीसला तीनच आणलासा. एकदा तरी एक आणायची होती की."

माझं म्हणणं सगळं त्या वाक्यात आहे. भाजी विकत घेणारा पैशाचा हिशोब करतो, कारण त्याच्या हातनं पैसा जातो. भाजी करणारी वेळेचा हिशोब करते, कारण तिच्या हातनं वेळ जातो. हे दोन हिशोब एका डोक्यात आले तर "एकच पेंडी" असं उत्तर निघतं. दोन डोक्यांत राहिले तर वीसला तीन येते, त्यातली एक सडते, आणि वर रात्री साडेनऊला "अजून झालं नाही?" असं विचारणारा तोच असतो ज्यानं वीस-पंचवीस रुपये वाचवलेले असतात. विचारपूर्वक खरेदी करा, पिशवी घरून न्या, स्थानिक घ्या, ताजं घ्या, असं सांगणारे पुष्कळ आहेत. सगळं बरोबरच आहे. पण खरेदी करणारा आणि शिजवणारी ही दोन वेगळी माणसं आहेत तोवर या उपदेशाला बूड नाही. घेणाऱ्याला आपल्या खरेदीचा परिणाम भोगावाच लागत नाही, तो विचार कशाचा करणार?

सरकारची २०२४ ची वेळवापराची पाहणी आहे. त्यात घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा वेळ सरासरी २८९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ८८. आणि ही ८८ मिनिटं त्या दिवशी घरकाम केलेल्या पुरुषांचीच सरासरी आहे. ज्यांनी काडीही हलवली नाही ते त्यात धरलेले नाहीत, आणि असे पुरुष चारांत जवळपास तीन. मी ही पाहणी वाचली तेव्हा पहिल्यांदा मनात काय आलं असेल? की बाजाराचा वेळ धरला का. धरत असतील. माझा बाजार आठवड्याला दीड तासाचा होता, त्यातला अर्धा तास चहाच्या गाड्यावर.

दुसरा आकडा अन्न टाकण्याचा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाच्या २०२४ च्या अहवालात २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेल्याचा अंदाज आहे, आणि त्यातलं साठ टक्के घराघरांतनं. हॉटेलं आणि लग्नाच्या पंगती उगीच बदनाम. आपल्या देशातल्या घरांचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलोचा. ते वाचून मला आमच्या फ्रिजचा खालचा कप्पा आठवला. पोकळ्याला कुणी "वाया गेलेलं अन्न" म्हणत नाही, "राहिली वाटतं भाजी" म्हणतो.

आता पिठाची गोष्ट. तिसऱ्या आठवड्यात मी भाकरीला हात घातला. शहाणपणा केला आणि दळणाची कटकट नको म्हणून ज्वारीच्या पिठाचं दोन किलोचं बंद पाकीट आणलं, एकावर एक सवलत होती म्हणून दोन आणली. भाकरी थापली की कडेला चिरा. उचलली की दोन तुकडे. उकड काढली तरी तीच तऱ्हा. मी आठ दिवस स्वतःच्या हाताला दोष देत बसलो. शेवटी समोरच्या घरातल्या काकूंनी चिमूटभर पीठ बोटांत चोळून सांगितलं, "विरी गेल्या ह्याची. ह्याची आंबील करा." ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याचा चिकटपणा जातो, भाकरी वळत नाही. म्हणून तर आमच्या घरात आठ-दहा दिवसांचंच दळण जायचं. मी मात्र "दर आठवड्याला गिरणीत काय जायचं, एकदम दळून आण की" म्हणून सव्वीस वर्षं कुरकुर करत होतो. ते पाकीट कधी दळलं होतं ते मागच्या बाजूला छापलेलं होतं. मी पुढची सवलत तेवढी वाचली होती.

पाकिटाच्या पाठीमागचं वाचायची सवय त्यानंतर लागली. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक सूचना सतरा आहेत आणि सतरावी लेबल वाचण्याचीच आहे. एवढंच लक्षात ठेवलं तरी पुष्कळ होतं: पदार्थात काय काय आहे ते वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावं लागतं. जे सर्वांत जास्त ते पहिलं. नातवासाठी आणलेल्या बिस्किटाच्या पुढ्यावर नाचण्याची कणसं होती. मागं पहिलं नाव मैदा, दुसरं साखर, तिसरं पामतेल. नाचणा त्याच्या नंतर. तेलाचीही तीच गत. लिटरची म्हणून उचललेली पिशवी घरी येऊन बघितली तर ८०० ग्रॅमची. लिटरभर तेलाचं वजन ९१० ग्रॅमच्या आसपास भरतं. म्हणजे स्वस्त वाटली ती पिशवी कमी होती, एवढंच. एका ग्रॅमला किंवा मिलिलिटरला किती पडतात ते आता पाकिटावर छापावं लागतं, पण ते ज्या आकाराच्या अक्षरात असतं ते वाचायला मला चष्मा काढून पाकीट नाकाशी धरावं लागतं. आणि आपल्या सीमाभागाची वेगळीच गंमत. दुकानाची पाटी कन्नडमध्ये, दुकानदार मराठी बोलणारा, पाकिटावर इंग्रजी. सत्तरीतल्या माझ्या मोठ्या वहिनींना मराठी छान वाचता येतं, आणि वाचायला त्या पाकिटावर काहीच नसतं. नियमानं ही माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत दिली की झालं. कंपन्यांना इंग्रजी सोपी. भाषेवरनं आपल्याकडं मोर्चे निघाले, बंद झाले. तेलाच्या पिशवीवर काय लिहिलंय ते बाईला तिच्या लिपीत कळावं म्हणून एखादं निवेदन द्यायला काय हरकत आहे?

बाकी बेळगावात राहून पाकिटावर जगायचं म्हणजे करंटेपणा आहे. जिल्हा एक, पण पश्चिमेला खानापूर-जांबोटीला धो धो पाऊस, भात आणि नाचणा. पूर्वेला अथणी-सौंदत्तीकडं काळी कोरडी जमीन आणि शाळू. रंगाला ब्याडगी मिरची, तिखटाला संकेश्वरी. कडोली, उचगाव, सांबरा या सगळ्या बाजूंनी रोज पहाटे भाजी येते आणि तिच्यातली चांगली चांगली आपण उठायच्या आत गोव्याच्या वाटेला लागलेली असते. येळ्ळूर-शहापूरच्या शिवारातला बासमती तांदूळ शिजत असला की तिसऱ्या घरात कळायचं. आता त्या शिवारात बळ्ळारी नाल्याचं पाणी शिरतं, हलगा-मच्छे बायपासनं चांगली सुपीक जमीन गेली, आणि आम्ही दुकानात जाऊन लांबलचक दाण्याच्या, चकचकीत पिशवीतल्या बासमतीवर सवलत आहे का विचारतो. याला उपाय एका ग्राहकाच्या हातात नाही, मला मान्य आहे. पण तांदूळ घेताना "कुठला?" असं विचारलं तर दुकानदाराला निदान उत्तर शोधावं लागतं. चार जणांनी विचारलं की तो पोतं वेगळं ठेवतो. आमच्या दुकानदारानं जवारी, म्हणजे गावठी, टोमॅटोचं तसंच केलंय. आधी सगळे एकाच बुट्टीत असायचे.

इथं एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. ही सगळी चैन पगारदारांची. वडगाव-खासबागमध्ये यंत्रमागावर काम करणाऱ्या कुटुंबात आठवड्याचा पैसा हातात येतो तेव्हा बाजार होतो. दहा रुपयांची तेलाची पुडी घेणारी बाई मूर्ख नसते. ती पुडी लिटरच्या भावानं महाग पडते हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं, पण आज तिच्याकडं दहाच रुपये आहेत. तिला "विचार करून खरेदी करा" असं सांगायला जाणाऱ्यानं आधी तिच्या मागं बाजारात फिरावं. ती वांगं हातात घेऊन देठ बघते, दाबते, खाली ठेवते, पुढच्या बुट्टीकडं जाते, परत येते. इतका विचार मी घराचं कर्ज काढतानाही केला नव्हता. आणि एक बघा, तिच्या घरात घेणारी आणि शिजवणारी एकच असते. तिच्याकडं पोकळा सडत नाही.

अशा बायकांसाठी सरकारनं केलेली एक गोष्ट जेवणाखाण्याच्या खात्यात कुणी धरत नाही, ती बसची. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी साध्या बसमधून फुकट प्रवास सुरू झाला. त्याआधी मार्चमध्ये महाराष्ट्रानं एसटीत बायकांना अर्धं तिकीट केलं होतं. म्हणजे आमच्या बाजारात खानापूरची बाई फुकट येते, चंदगडची बाई अर्ध्या तिकिटात, आणि दोघी शेजारी शेजारी बसून एकाच भावानं मेथी विकतात. तिकिटाचे पैसे वाचले की चार पेंड्यांसाठीही शहरात यायला परवडतं. पुरुषमंडळी कट्ट्यावर बसून "फुकट फिरतात" म्हणून चेष्टा करतात. त्या फिरण्यातनं त्यांच्या ताटात जवारी मेथी येते, हे कुणी त्यांना सांगितलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्या भागातल्या एका हळदीकुंकवाला सकस आहारावर व्याख्यान होतं. मी बायकोला सोडायला गेलो आणि मागं उभा राहिलो. वक्त्या चांगल्या होत्या, माहिती खरी होती. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, तेल मोजून, बाहेरचं कमी, मुलांना डब्यात बिस्किटं नकोत. समोर शंभरएक बायका. पुरुष चार: मी, माईकवाला, एका नगरसेवकाचा कार्यकर्ता आणि चहा आणून देणारा पोरगा. शंभर बायकांनी माना डोलावल्या आणि शंभर बायका आणखी एक अपराध डोक्यावर घेऊन घरी गेल्या, की आपण पोरांना नीट खायला घालत नाही. तेलाचा डबा कुणी आणला, फरसाणाचा किलोचा पुडा कुणी आणला, रात्री नऊला "काहीतरी चमचमीत कर" कुणी म्हटलं, ते सगळे त्या वेळी बाहेर मोटारसायकलींवर बसून मोबाइल बघत होते. पुढचं व्याख्यान मटणाच्या रांगेपुढं ठेवावं, अशी माझी सूचना आहे. श्रोते हलणार नाहीत, नंबर जाईल म्हणून.

आणि "घरचं" म्हणजे आपल्याच चुलीवरचं, हा हट्टही मला आता पटत नाही. सहा आठवड्यांत मी आठवड्यातनं तीनदा पलीकडच्या गल्लीतल्या एका बाईंकडनं भाकऱ्या आणत होतो. त्या पहाटे चारला उठतात, शाळू स्वतः निवडून दळून आणतात, आणि भाकऱ्यांवर त्यांच्या दोन पोरी शिकल्या. तिथं भाकरी घेतली तर आपली संस्कृती बुडाली आणि विरी गेलेल्या पिठाची चिरलेली भाकरी घरी थापली तर टिकली, असं कुणी म्हणत असेल तर त्यानं थापून दाखवावी. मला विचाराल तर फरक एवढाच बघावा: ज्या हातानं केलं तो हात आपल्याला माहीत आहे का, आणि त्या हाताला त्याचे पैसे मिळाले का. घरातल्या हाताला ते मिळत नाहीत, हे लिहिताना माझी मलाच अडचण होते.

प्लास्टर निघून आता वर्ष होत आलं. मी पूर्ण सुधारलो असं काही नाही. संध्याकाळची भाजी माझ्याकडं आणि रविवारचं मटण आणण्यापासून वाटणापर्यंत माझ्याकडं, एवढी वाटणी ठरली आहे. भाकरी अजून बायकोच करते, माझी बघवत नाही तिला. तिखट कुटायला मात्र यंदा दोघं कांडपाच्या गिरणीवर गेलो, मिरच्यांची देठं मी खुडली आणि दोन दिवस डोळ्याला हात लावता आला नाही. बाजारही आता कधी मी, कधी ती. तिनं आणलेल्या पिशवीत सगळं कमी कमी असतं. चार वांगी. एक पेंडी. पाव किलो गवार. सुरुवातीला मला ते कंजूषपणाचं वाटलं होतं. शनिवारी रात्री फ्रिज उघडला की खालचा कप्पा रिकामा असतो.

कट्ट्यावर चेष्टा होते. "काय, आज कुठली भाजी टाकलासा?" असं विचारतात. मी सांगतो, भावासकट. गेल्या रविवारी त्यांच्यातल्याच एकाचा खासबागेतनं फोन आला. मागं ओरडा चालू होता, इप्पत्तक मूरु. घरी सून माहेरी गेलेली, बायकोला ताप. आवाज हळू करून म्हणाला, "अरे, ती अंबाडी निवडायची कशी?" मी सांगितलं, पानं तेवढी खुड, देठ सगळं टाक, आणि उकडून पहिलं पाणी काढ, नाहीतर आंबट होईल. तो म्हणाला, "तीन घेतो मग."

एकच घे, म्हटलं.